वातकंटक आणि शॉकवेव्ह चिकित्सा

सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत काटा रुतावा तशी वेदना होणारे रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. ‘शॉकवेव्ह घेऊ का?’ असे ते विचारतात, तेव्हा वैद्यास नेमके उत्तर देता आले पाहिजे.

हा विजेचा झटका नव्हे. हे दाबतरंग होत. मूतखडा फोडण्यासाठी रुग्णावर त्यांचा प्रथम वापर म्युनिक येथे १९८० साली झाला. टाचेच्या जुनाट वेदनेसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली मान्यता दिली, तीही सहा महिने अन्य उपचारांनी गुण न आलेल्यांसाठी. सामान्यतः आठवड्याच्या अंतराने ३ ते ५ बैठका होतात. कंडरेतील थबकलेली भरून येण्याची क्रिया त्यामुळे पुन्हा चालना घेते, असे मानले जाते. पूर्ण गुण दिसण्यास सुमारे तीन महिने लागू शकतात.

गर्भिणी, रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेले रुग्ण आणि त्या जागी अर्बुद असलेले रुग्ण यांना ही चिकित्सा वर्ज्य होय. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, हे वैद्याप्रमाणेच औषधविक्रेत्यानेही अवश्य विचारावे. संधिगतवातात झिजलेली कूर्चा पूर्ववत होईल, असे आश्वासन कोणीही देऊ नये.

आमच्या मते प्रथम स्नेहन, स्वेदन, एरंडतैल आणि सुश्रुतोक्त अग्निकर्म यांचा यथाविधी अवलंब करावा. तरीही सहा महिन्यांत उपशय न मिळाल्यास रुग्णास अडवून न ठेवता अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. यात शास्त्राचा कमीपणा नाही. रुग्णहित मात्र निश्चित आहे.