मुलांनाच दोन मात्रा का?

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्ल्यूमुळे पुण्यातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या साथीवरची लस ऑक्टोबरात अमेरिकेत मिळू लागली, तेव्हा तिथली सूचना अशी होती: दहा वर्षांखालील मुलांना दोन मात्रा, त्यापुढच्यांना एक. लहान जिवाला जास्त लस? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा, असे आम्हांला वाटते.

औषध आपण वजनाप्रमाणे देतो. लशीचे काम शरीराला विषाणूची ओळख करून देण्याचे. फ्ल्यूच्या विषाणूवर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते. त्याच्या आधारे तो आपल्या पेशीला चिकटतो. मोठ्या माणसाला फ्ल्यू अनेकदा होऊन गेलेला असतो. विषाणू नवा असला, तरी त्याच्या भाऊबंदांना ओळखणाऱ्या स्मृतिपेशी शरीरात असतात. एका मात्रेने त्या जाग्या होतात. (साठीपुढच्या काहींच्या रक्तात तर लशीआधीच या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली!) लहान मुलाची पाटी कोरी. पहिल्या मात्रेने स्मृतिपेशी तयार होतात, पण प्रतिपिंडे बेताचीच. सुमारे चार आठवड्यांनी दुसरी मात्रा दिली की ती पुष्कळ वाढतात. म्हणजे पहिल्या मात्रेनंतर लगेच निर्धास्त होऊन चालत नाही.

खरी अडचण वेळेची. कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस करायला काही महिने लागतात. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस जुलै २०१० मध्ये आली. १० ऑगस्टला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले. तोवर शाळांच्या हाती होते ते साबण, रुमाल आणि खोकणाऱ्या मुलाला घरी ठेवणे.