तळ्यातील मरळ

कोकणातील माणसास मासा म्हटले की पापलेट किंवा सुरमई आठवते. हैदराबादेस पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आम्हां मराठी मंडळींच्या मत्स्याहारी घरांत तो मान मरळीचा. तेलुगू शेजारी तिला ‘कोर्रमीनु’ म्हणतात. तेलंगण शासनाने २०१६ साली तिलाच राज्याचा मासा ठरविले.

समुद्र इतका दूर असता ताजा मासा मिळावा कसा? त्याचे उत्तर मरळीच्या देहातच आहे. कल्ल्यांबरोबर डोक्यातील एका विशेष पोकळीच्या साह्याने ती हवेतूनही श्वास घेते. त्यामुळे थोड्याशा पाण्यात ती तासन्‌तास जगते आणि बाजारात जिवंत मिळते. तळे आटले तर ओल्या चिखलात दडून पावसाची वाट पाहते. मांस घट्ट, काटे मोजके. म्हणून मुलांच्या ताटात वाढतानाही धास्ती नसते.

तिचे खरे रूप ‘पुलुसु’मध्ये, म्हणजे चिंचेच्या आंबट रश्श्यात, उमलते. मीठ-हळद चोळून अंगचा बुळबुळीतपणा काढावा. कांदा, तिखट, धने, मेथी व चिंचेचा कोळ उकळून मग तुकडे सोडावेत. पळीने ढवळू नये, भांडेच हलवावे. आंबटपणा आत मुरल्यावर चव अधिक खुलते. सोबत भात किंवा जोंधळ्याची भाकरी. जूनच्या आरंभी मृगाचे नक्षत्र लागते, त्या दिवशी मासे खाण्याची येथे प्रथाच आहे.

ही मरळ वाढली ती तळ्यांच्या आधारावर. काकतीय राजवटीतील पाखाल व रामप्पा हे तलाव आठ शतकांनंतरही पाणी धरून आहेत. हैदराबाद शहरातील अनेक तळी मात्र भराव टाकून आक्रसली. येथे मरळीच्या चिवटपणावर विसंबून चालणार नाही. घाणेरड्या पाण्यातही ती तग धरते. तेव्हा मासा जिवंत, म्हणजे तळे निरोगी, असा अर्थ होत नाही. शिवाय ती अंडी घालते ती काठच्या उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात, आणि तेथेच पिलांची राखण करते. भराव पडतो तो नेमका याच काठावर. अवर्षण सोसणाऱ्या या माशाला काठ गेल्याचे सोसत नाही.

पोसलेली मरळ बाजारात येते, येत राहील. तिने आमचे ताट भरेल. तळे भरणार नाही. पुलुसुची कृती लेकी-सुनांना सांगताना आपल्या वस्तीजवळच्या तळ्याचे नाव आणि त्याचा मूळ काठ कोठवर होता, हेही मुलांना सांगावे, एवढीच आमची वाचकांस विनंती.