रेंज नसताना वाट शोधणे : डोंगरभटकंतीत स्मार्टफोनचा ऑफलाइन वापर

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• रेंज नसतानाही फोनला स्वतःचे स्थान कसे कळते, ते सांगता येईल;
• निघण्यापूर्वी फोनची कोणती तयारी करावी, ते ठरवता येईल;
• नकाशावरील ठिपक्याच्या मर्यादा ओळखता येतील.

१. प्रस्तावना

‘रेंज गेली की नकाशा बंद’ असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. फोनवर वाट शोधताना दोन वेगळ्या गोष्टी काम करतात : एक म्हणजे आपले स्थान आणि दुसरी म्हणजे ते ज्यावर दाखवायचे तो नकाशा. स्थान उपग्रहांकडून कळते. त्यासाठी मोबाइल टॉवर लागत नाही. नकाशा मात्र बहुधा इंटरनेटवरून येतो. म्हणून तो आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा लागतो.

२. स्थान कसे कळते?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवतात. संदेश केव्हा निघाला आणि त्या वेळी उपग्रह कोठे होता, हे त्या संदेशावरून कळते. फोन हे संदेश फक्त ऐकतो, उपग्रहाला काही पाठवत नाही. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते.

आपल्याला अक्षांश, रेखांश आणि उंची या तीन गोष्टी शोधायच्या असतात. परंतु फोनचे घड्याळ उपग्रहातील अणुघड्याळाइतके अचूक नसते. वेळेत १ मायक्रोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक होते. त्यामुळे घड्याळातील चूक ही चौथी अज्ञात राशी ठरते आणि किमान चार उपग्रह लागतात.

मग इंटरनेटमुळे काय फरक पडतो? उपग्रहाच्या कक्षेची ताजी माहिती फोनला हवी असते. उपग्रह ती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो. ती मिळवण्यासाठी सुमारे अर्धा मिनिट अखंड ऐकावे लागते. रेंज असेल, तर हीच माहिती क्षणात मिळते. म्हणून रेंज नसताना ठिपका उशिरा उमटला, तर फोन बिघडला असे समजू नये. उघड्या आकाशाखाली काही मिनिटे स्थिर उभे राहावे.

३. नकाशाची तयारी

गूगल मॅप्समध्ये एखादा भाग ऑफलाइन जतन करता येतो. परंतु ऑफलाइन असताना त्यात वाहनाचा मार्ग मिळतो, पायी चालण्याचा मिळत नाही. ऑर्गॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही ॲप ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरतात. त्यांत पायवाटाही असतात. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, स्वयंसेवकांनी घडवलेला नकाशा आहे. त्यामुळे एखादी खरी वाट त्यात नसेल आणि एखादी ढोरवाट मात्र ठळक दिसेल, हे शक्य आहे.

घरीच पुढील चाचणी करा : फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद करा, ॲप उघडा आणि संपूर्ण वाट मोठी करून पाहा. समोच्च रेषा दिसत नसतील, तर तयारी अपुरी आहे.

४. ठिपका काय सांगत नाही?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घेऊ. गडावर पाचनई आणि खिरेश्वर या गावांतून वाटा येतात. गडाच्या पश्चिमेला प्रसिद्ध कोकणकडा आहे. कड्याखालचे बेलपाडा गाव नकाशावर जवळ दिसते. परंतु मधे शेकडो मीटरचा सरळसोट कातळ आहे. सपाट नकाशावर ठिपका आणि गाव यांना जोडणारी रेषा सहज काढता येते. त्या रेषेवरून चालता मात्र येत नाही.

हा धोका समोच्च रेषांवरून ओळखता येतो. समजा, लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक आहे. ५०० मीटर आडव्या अंतरात अशी १० अंतरे ओलांडली, तर चढ २०० मीटरचा होतो. म्हणजे उतार सुमारे २२ अंशांचा असतो. रेषा एकमेकींना चिकटल्या, तर तेथे कडा आहे असे समजावे.

दुसरी मर्यादा अचूकतेची. उघड्या आकाशाखाली फोनचे स्थान सामान्यतः सुमारे ५ मीटरपर्यंत अचूक असते. घळीत किंवा दाट झाडीत संदेश कातळावरून परावर्तित होऊन येतात आणि चूक वाढते. पठारावर ५ मीटरने काही बिघडत नाही. धुक्यात कड्याच्या काठावर तेवढ्यानेच जीव जाऊ शकतो. तेथे ठिपक्यावर नव्हे, डोळ्यांवर आणि पावलांखालच्या जमिनीवर विसंबावे. काही दिसत नसेल, तर थांबावे.

५. बॅटरी आणि संपर्क

रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधतो आणि बॅटरी लवकर संपते. फ्लाइट मोडमध्ये बहुतेक फोनांत जीपीएस चालू राहते, म्हणून तोच वापरावा. थंडीत लिथियम-आयन बॅटरी कमी काळ टिकते; फोन आतल्या खिशात ठेवावा. पावसात ओला पडदा बोटांना नीट प्रतिसाद देत नाही. कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत असावेच.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुम्ही कोठे आहात हे तुमच्या फोनला कळते, इतरांना नाही. भारतात उपग्रह फोन परवानगीशिवाय वापरता येत नाही. म्हणून वाट, सोबती आणि परतीची वेळ घरी किंवा पायथ्याच्या गावात सांगून निघावे. रेंज मिळताच ११२ वर अक्षांश-रेखांश सांगता यावेत, यासाठी ते ॲपमध्ये कोठे दिसतात हे आधीच पाहून ठेवावे.

सारांश

स्थान उपग्रह देतात, नकाशा आपण आधी उतरवून ठेवतो आणि पुढचे पाऊल टाकायचे की नाही, हे समोरची जमीन पाहून आपणच ठरवतो.

स्वाध्याय

१. स्थान निश्चित करण्यासाठी तीन उपग्रह का पुरत नाहीत?
२. अक्षांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मदत मागताना अक्षांश ०.०१ अंशाने चुकीचा सांगितला, तर शोधपथक किती अंतरावर जाईल?
३. तुमच्या परिसरातील एका डोंगराचा ऑफलाइन नकाशा उतरवा. समोच्च रेषांवरून त्याची सर्वांत तीव्र उताराची बाजू ओळखा.