मोटारप्रेमींची कैफियत आणि रस्त्याचा हिशेब

रविवारी पहाटे, उजाडते न उजाडते तोच, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच्या एखाद्या उपाहारगृहापुढे चार-सहा वयोवृद्ध मोटारी ओळीने येऊन उभ्या राहतात. एखादी फियाट, एखादी ॲम्बॅसॅडर, क्वचित एखादी स्टँडर्ड हेराल्ड. बॉनेट उघडलेले आणि भोवती हातात चहाचा पेला घेतलेले मालक. त्यांत डॉक्टर असतो, निवृत्त बँक अधिकारी असतो, छापखान्याचा मालक असतो आणि ज्याच्या जन्मापूर्वीच ती मोटार कारखान्यातून बाहेर पडली असा पंचविशीतला एखादा अभियंताही असतो. संभाषणाला आरंभ 'गाडी किती देते?' या सनातन प्रश्नाने होतो. मग थंडीत चोक किती ओढावा, भर उन्हाळ्यात इंजिनातला पेट्रोलचा पंप तापून गाडी बंद पडली तर त्यावर ओले फडके कसे टाकावे, ऑपेरा हाउसच्या आसपास न मिळालेला सुटा भाग कुर्ल्याच्या भंगारात कसा गवसला, याच्या कहाण्या निघतात. चहाची दुसरी फेरी येईतो बोलणे मोटारीवरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून संसारावर आलेले असते. मुलीला शिकवणीला सोडावयास गेले तर गाडी कोठे उभी करावी, कार्यालयात पोचावयास पूर्वी वीस मिनिटे लागत तेथे आता सव्वा तास का लागतो, शेजाऱ्याने तिसरी मोटार घेऊन इमारतीचे फाटक कसे अडविले, ही त्या संसाराची दुखणी. आणि शेवटी सर्वांचे एकमत ठरलेले: हल्ली गाडी चालविण्यात राम राहिला नाही.

सुखवस्तू माणसांचे रडगाणे म्हणून या तक्रारीची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती थोडी थट्टेला पात्रही आहे. परंतु मोटारीवर मनापासून प्रेम करणारा हा छोटा वर्ग एका विलक्षण आर्थिक स्थित्यंतराचा साक्षीदार आहे. एका पिढीच्या आत टंचाईने आपली जागा बदलली. पूर्वी मोटार दुर्मिळ होती आणि रस्ता मुबलक होता. आज मोटार मुबलक आहे आणि रस्ता दुर्मिळ झाला आहे. आनंद हरपल्याची जी हळहळ त्या चहाच्या टेबलावर व्यक्त होते, तिचे मूळ या उलथापालथीत आहे.

जुन्या टंचाईचा इतिहास या मंडळींना तोंडपाठ असतो. १९४२ साली बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स निघाली, १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि पुढची चार दशके भारतीय मध्यमवर्गाच्या मोटारस्वप्नाला उत्तरपारा आणि कुर्ला ही दोनच मुख्य दारे राहिली. मद्रासचे स्टँडर्ड हे तिसरे, अरुंद दार. किती मोटारी काढावयाच्या हे परवाना ठरवी. १९६९ मध्ये केंद्र सरकारने विक्रीची किंमतही बांधून दिली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुरवठा बांधलेला आणि किंमतही बांधलेली, म्हटल्यावर मागणीला वाट उरते ती रांगेची. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, आणि ज्याचा क्रमांक लागला त्याने मनात आणले तर गाडी दारात येताच नव्या किमतीहून अधिक दामाने ती विकावयाची, असा तो काळ होता. अर्थशास्त्राच्या वर्गात टंचाईच्या किमतीचा धडा शिकविण्यास याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

या टंचाईने मोटारमालकाला एक स्वभाव दिला. एकदा मिळालेली गाडी पंधरा-वीस वर्षे टिकवावयाची असे, म्हणून तो निम्मा यंत्रज्ञ बने. बोरघाट चढताना इंजिन तापून पाणी उकळणार हे गृहीतच असे. पाण्याचा डबा बरोबर, कडेला गाडी उभी करून अर्धा तास विसावा, वाटेत शिंग्रोबाच्या देवळाशी एक नाणे. (ज्या धनगराने इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट दाखविली अशी आख्यायिका आहे, त्याला मोटारवाले अजून पथकर देतात, शासनाच्या पथकराबाबत मात्र त्यांची कुरकुर असते.) अशा प्रवासात वेगाला महत्त्व नव्हते, कारण वेग नव्हताच. महत्त्व होते ते हाताला लागलेल्या वळणाला. स्टिअरिंगला जोडलेला गिअर न खरखरविता बदलणे, उतारावर ब्रेक न जाळता इंजिनाच्या जोरावर गाडी आवरणे, चढत्या गाडीला आधी वाट देणे, समोरून कोणी आले की दिवा खाली करणे. जुन्या मोटारप्रेमींच्या तोंडी हे नियम आजही शिष्टाचारासारखे येतात आणि ते त्यांच्या नातवंडांनी ऐकण्याजोगे आहेत.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाला देण्यात आली आणि जुन्या रांगेचा शेवट दृष्टिपथात आला. त्या गाडीसाठीही आधीच लाखाहून अधिक लोकांनी पैसे भरून नावे नोंदविली होती, ही गोष्ट वेगळी. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरील परवाना गेला, परदेशी कंपन्या आल्या, पुण्यात टाटांनी १९९८ साली इंडिका आणली, बँका दारोदार कर्जे घेऊन फिरू लागल्या. मोटारीसाठी रांग लावण्याचे दिवस संपले. यात वाईट काही झाले असे कोणी म्हणणार नाही. ज्याला पावसात आईवडिलांना घेऊन दवाखान्यात जावयाचे आहे त्याने मोटार घेऊ नये असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

पण रांग खरोखर संपली काय? ती विक्रेत्याच्या दारातून उठली आणि चौकातल्या सिग्नलपाशी येऊन उभी राहिली. वस्तू टंचाईची असावी आणि तिची किंमत तिच्या मोलापेक्षा फार खाली बांधलेली असावी, म्हणजे रांग लागते, हा नियम १९७० च्या फियाटला जसा लागू होता तसाच आजच्या रस्त्यालाही लागू आहे. सकाळी साडेनऊ वाजता कर्वे रस्त्यावर किंवा दादरला मोटारीने व्यापलेल्या जागेचे भाडे शून्य आहे. ती मोटार दिवसभर रस्त्याच्या कडेला उभी राहिली तरी बहुतेक ठिकाणी ते शून्यच, किंवा एका वडापावाच्या किमतीच्या आसपास. जी वस्तू फुकट वाटली जाते तिची किंमत लोक अखेर वेळेच्या रूपाने मोजतात. परवाना-राज्याच्या गोष्टी सांगून खो खो हसणारे मोटारप्रेमी रोज सकाळ-संध्याकाळ त्याच राज्याच्या दुसऱ्या अंकात इंजिन चालू ठेवून बसलेले असतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

ध्यानात न येण्याचे कारणही आहे. मोटारप्रेमी हिशेबाला पक्का असतो. टायर किती किलोमीटर चालला, तेल कधी बदलले, याची त्याच्यापाशी वही असते. परंतु त्या वहीत त्याने स्वतः केलेला खर्च असतो. त्याची गाडी रस्त्यावर आल्यामुळे मागच्या दोनशे लोकांचा जो अर्धा-अर्धा मिनिट गेला, तो तेथे नसतो. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये नेमका हाच मुद्दा दोन रस्त्यांच्या उदाहरणाने मांडला होता. पुढे विल्यम व्हिक्री यांनी गर्दीच्या वेळी रस्त्याला दर लावण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. त्यांना १९९६ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि त्यानंतर तीनच दिवसांत मोटार चालवीत असताना ते मरण पावले.

यावर चहाच्या टेबलावरून ताबडतोब उत्तर येते. गाडी घेताना रस्ताकर भरला, पेट्रोलवर दररोज कर भरतो, टोलनाक्यावर पुन्हा भरतो; आणखी किती भरावयाचे? आणि भरून मिळते काय, तर खड्डे. या उत्तरात तथ्य आहे आणि खड्ड्यांबाबत तर ते निर्विवाद आहे. तथापि गाडी बाळगण्याचा कर आणि गाडी भर गर्दीत आणण्याचा दर या भिन्न गोष्टी आहेत. जो निवृत्त गृहस्थ आपली पद्मिनी आठवड्यातून एकदा पहाटे बाहेर काढतो आणि जो रोज साडेनऊला एकटाच मोठी मोटार घेऊन शहराच्या मध्यभागी शिरतो, त्या दोघांनाही गाडी घेताना भरलेला कर भेद न करता गाठतो. पेट्रोलवरील कर किलोमीटर मोजतो, पण पहाटेचा किलोमीटर आणि साडेनऊचा किलोमीटर त्याला सारखेच. खरे अन्याय्य वाटावे ते हे.

सिंगापूरने १९७५ साली शहराच्या मध्यभागात सकाळच्या गर्दीत शिरणाऱ्या मोटारींसाठी परवानापत्र विकत घेण्याची सक्ती केली. चौघे एकत्र येणाऱ्या मोटारीला तेव्हा माफी होती. लंडनने २००३ मध्ये पाच पौंडांचा दैनिक आकार बसविला. स्टॉकहोमची हकीकत अधिक बोधक आहे. तेथे २००६ मध्ये आधी काही महिने प्रयोग झाला, लोकमत प्रारंभी विरुद्ध होते, परंतु वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटल्याचे डोळ्यांनी पाहिल्यावर नगरवासीयांनी कौल दिला आणि १९०७ नव्हे, २००७ पासून आकार कायम झाला. इतकी जुनी वाटावी अशी ही कल्पना आपल्याकडे चर्चेपलीकडे फारशी गेलेली नाही. आपल्या नगरपालिका तर रस्त्यावर मोटार उभी करण्याचे पैसे घ्यावयाचे म्हटले तरी कचरतात. निवडणुकीचे गणित यामागे आहे असे म्हणावे, तर ते गणितही चुकीचेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभरांतील सुमारे साडेसात कुटुंबांकडेच मोटार आहे. शहरात हे प्रमाण जास्त असणारच. तरीही रस्त्याचा बहुतांश भाग अल्पसंख्याकांनी व्यापावा आणि त्याचे भाडे कोणी मागू नये, हे बहुमताचे राज्य खचित नव्हे.

मोटारप्रेमींच्या मतांची दुसरी बाजूही पाहावयास हवी, कारण तेथे प्रश्न मिनिटांचा नसून प्राणांचा आहे. जुन्या गाडीतून शिकलेला संयम नव्या गाडीत टिकत नाही. रस्ता सहा पदरी, गाडी भक्कम, ब्रेक उत्तम, मग ताशी एकशेवीसने काय बिघडले, हा युक्तिवाद याच टेबलावर, याच सभ्य माणसांच्या तोंडून ऐकू येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील सुमारे सत्तर टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. मृतांपैकी शंभरांत साठांहून अधिक दुचाकीस्वार किंवा पादचारी होते. भक्कम गाडी भक्कम असते ती आत बसलेल्यासाठी. आणि त्याच्यासाठीही नेहमी नसते: सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री ज्या मोटारीत गेले ती कमी प्रतीची नव्हती, मागच्या आसनावरचा पट्टा तेवढा बांधलेला नव्हता. मागे बसणाऱ्याने पट्टा बांधण्याचा नियम आधीपासूनच होता. मुंबईत त्याची आठवण पोलिसांना झाली ती त्यानंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

मग या मंडळींनी काय करावे? मोटारी विकाव्यात असे कोणी सुचविणार नाही. परंतु त्यांचे खरे हित कशात आहे याचा त्यांनी शांतपणे विचार केला, तर ते चकित होतील. ज्याला गाडी चालविण्यात आनंद वाटतो त्याला मोकळा रस्ता हवा असतो. आणि रस्ता मोकळा व्हावयाचा तर ज्यांना गाडी चालविण्यात काडीचाही आनंद वाटत नाही, जे केवळ दुसरा उपाय नाही म्हणून चालवितात, त्यांना वेळेवर येणारी, बसावयास जागा असलेली बस मिळाली पाहिजे. शहरात बसगाड्या वाढाव्यात, त्यांना स्वतंत्र मार्गिका मिळावी, पदपथ चालण्याजोगे व्हावेत, या मागण्यांच्या सभेत पहिल्या रांगेत मोटारप्रेमी बसलेले दिसावयास हवेत. प्रत्यक्षात बसच्या मार्गिकेमुळे आपली एक पट्टी गेली, ही त्यांची सर्वांत मोठी तक्रार असते.

२०२३ च्या सप्टेंबरात मुंबईच्या रस्त्यावरून बेस्टची डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बस गेली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी संपुष्टात आली. दोहोंसाठी मुंबईकर हळहळले. टॅक्सीच्या आठवणी सांगावयास मोटारप्रेमी आजही कधीही तयार असतात. पितळी मुठी, सीटवरची रंगीत फुले, मीटरचा तो लोखंडी कान. बसच्या त्याच रस्त्यावरून रोज किती माणसे जात होती आणि आता ती कशाने जातात, हा प्रश्न मात्र टेबलावर निघत नाही.

त्या मेळाव्यांची वेळ पहाटेचीच का, असे कोणी विचारले तर उत्तर साधे मिळते: त्या वेळी रस्ता रिकामा असतो. पन्नास वर्षांपूर्वी तो दिवसभर असे, आज रविवारी पहाटे दोन-अडीच तास असतो. आठ वाजले की मालक मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात, बॉनेटे धडाधड बंद होतात. लोणावळ्याकडे निघालेल्या मोटारींची पहिली लाट तोवर घाटाच्या पायथ्याशी आलेली असते, आणि तीत अडकले तर जुन्या फियाटचे इंजिन तापते.