रोजच्या वापरासाठी लहान एसयूव्ही : निवड कशी करावी?

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गावी राहतो आणि तिथून २४ किलोमीटरवरच्या शाळेत शिक्षक आहे. तेरा वर्षं त्यानं मोटारसायकलवर ये-जा केली. आता आई थकली आहे, तिला महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. मुलंही मोठी होत आहेत. परवा तो घरी आला आणि म्हणाला, "सर, कर्ज काढून चारचाकी घ्यायचं ठरवलंय. रस्ता खराब आहे, म्हणून उंच गाडीच घेतो. कोणती घेऊ, तेवढं सांगा." मी त्याला म्हटलं, "गाडीचं नाव मागाहून बघू. आधी तुझा रस्ता कसा आहे ते सांग."

वाचकहो, हा प्रश्न आज गावोगाव विचारला जातो. म्हणून आमचं त्या दिवशी जे बोलणं झालं, ते जरा नीट मांडून तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम एसयूव्ही म्हणजे काय, ते पाहू. हे नाव मुळात आडवाटेनं जाणाऱ्या दणकट गाडीचं. आपल्याकडची जुनी जीप डोळ्यांपुढे आणा. वजनदार लोखंडी सांगाडा, त्यावर बसवलेलं अंग, आणि गरज पडली तर चारही चाकांना मिळणारी इंजिनाची ताकद. आजची लहान एसयूव्ही दिसायला तिच्या कुळातली वाटते, पण तिची घडण साध्या मोटारीचीच असते. सांगाडा आणि अंग एकजीव असतात, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन फक्त पुढची दोन चाकं फिरवतं. याचा अर्थ काय? पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात शिरलात, तर ही उंच गाडीही साध्या मोटारीसारखीच रुतेल. उंची वेगळी आणि चिखलातून निघण्याची ताकद वेगळी.

मग या गाड्या एवढ्या वाढल्या कशा? त्याचं एक कारण करात आहे. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात लहान मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली. लांबी ४ मीटरांच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसी, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत, अशी तिची अट होती. कारखानदारांनी या मापात उंच गाडी बसवायला सुरुवात केली. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आली, २०१६ साली मारुतीची व्हिटारा ब्रेझा आणि २०१७ साली टाटांची नेक्सॉन. नेक्सॉन आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होऊ लागली, तर २०१९ साली आलेली महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० नाशकात. पुढे वस्तू व सेवा कर आला, तरी मापाची ती रेघ कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर लागू झाला. तेव्हा मागचा भाग एकदम कापल्यासारखा दिसला तर नवल मानू नका. ती चार मीटरांच्या मर्यादेची करामत आहे.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. रिकाम्या गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर या वर्गात बहुधा १८० ते २१० मिलिमीटर असतं. खड्डे, उंच गतिरोधक, रस्त्याच्या कडेचा तुटलेला काठ यांसाठी ही उंची फार उपयोगी पडते. मात्र पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी खाली बसते; म्हणून कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका. शिवाय उंच गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो. आंबोली घाटासारख्या वळणांवर ती साध्या मोटारीपेक्षा जास्त कलते, आणि वेग न आवरता एकदम चाक वळवलं तर उलटण्याचा धोकाही जास्त. यासाठी ईएससी नावाची योजना असते. गाडी घसरू लागली की एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लावून ती गाडी मार्गावर ठेवायला मदत करते. ही सोय आपण घेतो त्या प्रकारात आहे की नाही, हे विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट बजावून सांगतो. उंच गाडी आहे म्हणून पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात घालू नका. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान मोटारीला उचलू लागतं आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्यांना वाहून नेतं. तिथे गाडीच्या उंचीचा भरवसा धरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

टायरचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. टायरवर १९५/६० आर १६ असं लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, रबरी भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे ११७ मिलिमीटर, आणि आतली रिम १६ इंचांची. त्याऐवजी १८५/७० आर १५ असेल, तर ती भिंत १२९ मिलिमीटरांच्या वर जाते. ही रबरी भिंत म्हणजे खड्ड्याचा मार झेलणारी गादी. महाग प्रकारांत मोठ्या रिमा देतात, त्या दिसतात छान. पण बऱ्याचदा गादी पातळ होते आणि बदलायचा टायरही महाग पडतो. खडीच्या रस्त्यानं रोज जाणाऱ्यानं याचा विचार करावा.

आता इंधन. माझ्या विद्यार्थ्याचं जाणंयेणं रोज ४८ किलोमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे हजार आणि वर्षाला बारा हजार. समजा, पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते आणि डिझेलची २०. हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. पेट्रोलचे ८०० लिटर, खर्च ८०,०००. डिझेलचे ६०० लिटर, खर्च ५४,०००. वर्षाला वाचले २६,०००. पण डिझेलची गाडी १,३०,००० रुपयांनी महाग असेल, तर तो फरक भरून निघायला पाच वर्षं लागतील. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब तुम्ही करा. आठवीतल्या मुलांनाही तो घालून देता येईल.

डिझेलची आणखी एक अडचण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळायला गाडी काही काळ सलग, बऱ्या वेगानं चालावी लागते. घर ते बाजार, बाजार ते शाळा असं चार-पाच किलोमीटरांचंच चालवणं असेल, तर ती गाळणी तुंबते आणि खर्च काढते. अशा माणसानं पेट्रोलच घ्यावं. जवळ पंप असेल तर सीएनजीचाही विचार करावा. मात्र टाकी डिकीत किती जागा खाते, ते डिकी उघडून पाहावं.

इथपर्यंत पैशाची गोष्ट झाली. आता जिवाची. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' नावाची परीक्षा सुरू झाली. तिच्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळवतात, बाजूनंही धडक देतात आणि मोठ्या माणसांसाठी व लहान मुलांसाठी वेगवेगळे तारे देतात. कारखानदारानं स्वेच्छेनं द्यायची ही परीक्षा आहे, म्हणून दोन्ही निकाल मागून पाहा. पण एअरबॅग पट्ट्याच्या सोबतीनंच नीट काम करते. मागच्या बाकावरच्या आजींनीही पट्टा लावलाच पाहिजे. आणि वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर दुप्पट होतं, असं समजू नका. ब्रेक दाबल्यावर गाडी जेवढी पुढे जाते, ते अंतर चौपट होतं. हा नियम पाच ताऱ्यांच्या गाडीलाही सुटत नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. निघताना गाडी मागे घेतली आणि चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं. उतरून पाहतो, तर पहिलीतल्या मुलाची पाण्याची बाटली. मूल दोन पावलांवर उभं होतं. बाटली उचलायला वाकलंच होतं, आवाजानं दचकून मागे सरलं. आरशात मला ते दिसलंच नव्हतं. त्या दिवसापासून गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय मी ती हलवत नाही. उंच गाडीचं तोंडही उंच असतं, त्यामुळे मागेच नव्हे, पुढेही लहान मूल झाकलं जातं. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा चालकाच्या जागेवर बसा आणि बरोबरच्या माणसाला गाडीपुढे कमरेएवढी काठी धरायला सांगा. काठीचं टोक किती पावलांवर दिसू लागतं ते मोजा. मागचा कॅमेरा ज्या प्रकारात मिळतो, तो घेण्यासाठी छताच्या काचेवर पाणी सोडावं लागलं, तर खुशाल सोडा. शाळेच्या आवारात जाणाऱ्यानं तर सोडावंच.

शेवटी माझ्या विद्यार्थ्यानं काय केलं? तो आईला बरोबर घेऊन तीन गाड्या पाहून आला. सर्वांत उंच गाडीत त्या माउलीचा पाय चढेना. दुसरीत बसल्या, पण मागची खिडकी लहान, जीव घाबरला. तिसरीची बैठक बरोबर कमरेच्या उंचीला होती. त्या वाकल्या नाहीत की चढल्या नाहीत, सरळ बसल्या. मग त्यानं तीच गाडी सगळ्यांना बसवून आपल्या शाळेच्या रस्त्यानं चालवून पाहिली आणि दिवस मावळल्यावर दिव्यांचा उजेड पाहण्यासाठी पुन्हा एकदा चालवली.

तुम्हीही एवढंच करा. वर्षाचे तीनशे दिवस ज्या रस्त्यानं जाता तो रस्ता, रोजचे किलोमीटर, घरातलं सर्वांत म्हातारं माणूस आणि महिन्याला झेपेल एवढा हप्ता, या चार गोष्टी आधी कागदावर लिहा आणि मगच दुकानात पाऊल टाका. हे सगळं जुळल्यावर रंग मात्र मुलांना निवडू द्या.