मत मागा, पण पाण्याचा हिशेब द्या!

निवडणुकीचे वारे वाहू लागले की गावोगाव आश्वासनांचे पीक येते. रस्ता, गटार, समाजमंदिर, दिवाबत्ती यांची वचने दारोदार फिरतात. परंतु पाऊस, पाणी आणि ऊन यांविषयी आपले धोरण काय, असे उमेदवारास सहसा कोणी विचारीत नाही. विचारलेच, तर 'हवामानबदल हा साऱ्या जगाचा प्रश्न. तेथे ग्रामपंचायत काय करणार?' असे म्हणून तो मोकळा होतो. हे उत्तर केडगावच्या मतदारांनी मुळीच स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने जे चाळीस तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर केले, त्यांत दौंड व शिरूर हे दोन्ही होते. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच मे २०२५च्या अखेरीस दौंड, बारामती व इंदापूर या पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात अतिवृष्टी झाली आणि उभी पिके पाण्यात गेली. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असे शास्त्र सांगते. पाऊस लांबतो आणि आला की कोसळतो, याचे एक कारण त्यात आहे. जगाचा म्हणून झटकलेला प्रश्न तो असा बांधावर येऊन उभा राहतो.

दुष्काळाशी झुंजण्याचा वारसा केडगावला नवा नाही. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या आणि येथल्या माळावर त्यांना आश्रय दिला. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, अनेक उद्योग चालले. संकट मोठे आहे म्हणून गावाने हातपाय गाळायचे नसतात, हे याच भूमीवर सिद्ध झाले आहे.

आज या परिसराची मदार खडकवासल्याच्या कालव्यावर आहे. त्यामागील चार धरणांचा साठा सुमारे २९ टीएमसी. त्यावर पहिला हक्क पुणे शहराच्या वाढत्या तहानेचा. उरलेल्या आवर्तनावर आमचा ऊस वाढतो आणि गुऱ्हाळे पेटतात. उसाला पाणी फार लागते हे खरे; पण कांद्याचा भाव कोसळतो तेव्हा शेतकऱ्याला आधार उसाचाच असतो, हेही तितकेच खरे. त्यामुळे 'ऊस कमी करा' म्हणण्याचे धैर्य उमेदवाराला होत नाही. त्याला आम्ही दोष देत नाही. परंतु पाणी मोजून वापरण्याची, ठिबकाची आणि विहिरींच्या पुनर्भरणाची गोष्टही त्याने काढू नये काय?

अधिकार नाही, ही सबब चालणार नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या परिशिष्टातील २९ विषयांत लघुपाटबंधारे, जलव्यवस्थापन, पिण्याचे पाणी व सामाजिक वनीकरण आहेत. पैसा नाही, हीही सबब नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळातील ग्रामीण अनुदानाचा तीस टक्के भाग पिण्याचे पाणी, पाऊसपाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठीच बांधून दिला होता. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारात पडलेला पाऊस व भूजल मोजून ग्रामसभाच पिकांचे गणित मांडते. ते गाव काही नदीकाठचे सुखवस्तू गाव नव्हते.

तेव्हा मतदारांनी प्रत्येक उमेदवारास, मग तो ग्रामपंचायतीचा असो, पंचायत समितीचा असो वा जिल्हा परिषदेचा, चार प्रश्न विचारावेत. गावचा पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवाल काय? ओढ्यांवरील अतिक्रमणे, ती आपल्या माणसांची असली तरी, काढाल काय? आवर्तन लांबले तर पिण्याचे पाणी कोठून देणार? आणि वैशाखाच्या उन्हात राबणाऱ्या मजुरासाठी व शाळेतील मुलांसाठी सावलीची व पाण्याची कोणती सोय करणार?

उत्तरे गोड असतील. ती लिहून घ्यावीत. निवडून आलेल्याने पहिल्याच ग्रामसभेत उभे राहून त्यांचा ठराव मांडावा आणि मतदारांनी तो मंजूर होईपर्यंत तेथून हलू नये.