गोधडी विकायची की पांघरायची?

खर्डा म्हटलं की 1795 ची मराठे-निजाम लढाई आठवते. आज खर्ड्यातल्या ताई-मावशींशी बोलायचंय ते मात्र गोधडीबद्दल.

तुम्ही पुस्तक वाचत बसलात तर कुणी विचारत नाही, "यातून किती सुटतात?" पण जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोरा घालायला घेतला की लगेच सल्ला येतो, "ताई, विका की!"

थांबा. आधी वहीत हिशोब मांडा. समजा, रोज 2 तास, असे 20 दिवस. झाले 40 तास. दोरा आणि वरचं कापड यांना 300 रुपये गेले आणि गोधडी 800 ला दिली, तर हातात उरले 500. म्हणजे तासाला साडेबारा रुपये! वर गिऱ्हाईक घासाघीस करणार ते वेगळंच.

विकायचीच असेल तर आधी तासाचा दर ठरवा. 50 रुपये धरला तरी किंमत 2,300 होते. तेवढे देणारं गिऱ्हाईक नसेल तर विकू नका. लेकीसाठी, नातवासाठी शिवा. दुपारी अर्धा तास पुस्तक, अर्धा तास टाके. तिथे तास मोजायचेच नसतात, म्हणून तोटाही नाही.

तुमची पुढची गोधडी विकायची की घरची, हे सुई हातात घेण्याआधीच ठरवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!